पॅनेल स्पीकर आणि 'टक्' करून बंद पडणारा रिसीव्हर

जुळे सोलापूरहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "पुण्याहून सेकंडहँड मार्टिनलोगन इलेक्ट्रोमोशन ईएसएलची जोडी आणली. घरात ९० वॉटचा एव्ही रिसीव्हर आहे. हळू आवाजात झकास वाजतं, पण आवाज चढवला आणि झांजा किंवा सनई आली की रिसीव्हर 'टक्' करून बंद. एप्रिल-मेमध्ये तर अर्ध्या तासातच. मेव्हण्यांकडे मॅग्नेपॅन एलआरएस आहेत. ते म्हणतात, दोघांत मिळून एकच दणकट अ‍ॅम्प घेऊ आणि आलटूनपालटून वापरू. बजेट दीड लाख. समोर तीन पर्याय आहेत: २५ वॉटचा क्लास ए, ४० वॉटचा व्हॉल्व्ह आणि ३०० वॉटचा लहानसा क्लास डी. खोली १२ बाय १६ फूट, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. काय घ्यावं?"

नमस्कार. पहिली गोष्ट ही की तुमचा रिसीव्हर वॉट कमी पडतात म्हणून बंद होत नाही. तसं समजून बाजारात गेलात तर ३०० वॉटचा डबा घेऊन याल आणि तोही तसाच 'टक्' करेल.

हिशेब करून बघा. तुमच्या स्पीकरची कंपनीनं दिलेली सेन्सिटिव्हिटी ९१ डेसिबल आहे, म्हणजे २.८३ व्होल्ट दिले की एक मीटरवर एवढा आवाज. १०० डेसिबलपर्यंत जायला आणखी ९ डेसिबल लागतात, म्हणजे व्होल्टेज साधारण २.८ पट, म्हणजे ८ व्होल्ट. ९० वॉटचा रिसीव्हर ८ ओहमवर जवळपास २७ व्होल्ट देऊ शकतो. व्होल्ट मुबलक आहेत. अडतं ते करंटवर, आणि त्याहून जास्त तो करंट कोणत्या क्षणी मागितला जातो त्यावर.

तुमच्या स्पीकरमध्ये ५०० हर्ट्झच्या खाली आठ इंची वूफर वाजतो आणि वरचं सगळं पॅनेल सांभाळतं. हे पॅनेल इलेक्ट्रोस्टॅटिक जातीचं, म्हणजे दोन सच्छिद्र धातूच्या पत्र्यांमध्ये ताणलेली काही मायक्रॉन जाडीची पॉलिस्टरची फिल्म. फिल्मवर काही हजार व्होल्टचा स्थिर भार (बायस) असतो आणि पत्र्यांवर संगीताचं व्होल्टेज येतं. अ‍ॅम्पचे दहावीस व्होल्ट तिथं पुरत नाहीत, म्हणून आत स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. दोन पत्रे समोरासमोर ठेवले की झाला कपॅसिटर. ट्रान्सफॉर्मरमधून उलटं बघितलं की हा छोटासा कपॅसिटर अ‍ॅम्पला कित्येक पटींनी मोठा दिसतो. म्हणूनच फ्रिक्वेन्सी वाढत जाते तसा त्याचा इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा ओहममधला विरोध, घसरत जातो. तुमच्या मॉडेलचा नॉमिनल आकडा ६ ओहम आहे, पण २० किलोहर्ट्झला तो १.६ ओहमवर येतो. कंपनी हे लपवत नाही, माहितीपत्रकात छापलेलं असतं. आपणच ६ वाचून पान उलटतो.

१.६ ओहम ऐकून घाबरू नका. संगीतात २० किलोहर्ट्झला पूर्ण ताकदीचा सिग्नल कधीच नसतो, वरच्या पट्टीतली ऊर्जा फार थोडी असते. ८० हर्ट्झला ३ ओहम दाखवणारा साधा वूफर कित्येकदा याहून जास्त घाम काढतो. खरी गोम कपॅसिटरच्या स्वभावात आहे. त्यात करंट व्होल्टेजच्या पुढं धावतो. साध्या रेझिस्टन्सवर करंट शिखरावर असतो तेव्हा अ‍ॅम्पचं आउटपुट व्होल्टेजही शिखरावर असतं, त्यामुळे ट्रान्झिस्टरवर उरणारं व्होल्टेज कमी असतं. कपॅसिटरवर मात्र आउटपुट शून्यातून जात असताना करंट शिखरावर असतो, आणि त्या क्षणी सप्लायचं सगळं व्होल्टेज ट्रान्झिस्टरवरच पडतं. सप्लाय ४५ व्होल्टचा आणि करंट ५ अँपिअर धरला तर त्या क्षणी २२५ वॉट ट्रान्झिस्टरच्याच अंगावर. रिसीव्हरमध्ये बहुधा चॅनेलमागे ट्रान्झिस्टरची एकच जोडी असते. तिला वाचवायला बसवलेलं प्रोटेक्शन सर्किट हा क्षण ओळखतं आणि स्पीकर तोडणारा रिले उघडतं. तोच तुमचा 'टक्'. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, मग हीटसिंकला थंड व्हायला जागाच कुठली?

रिसीव्हरच्या मेनूत किंवा पाठीमागे ४ ओहमचं सेटिंग असेल आणि कुणी ते लावायला सांगितलं तर लावू नका. बहुतेक रिसीव्हरमध्ये ते सप्लायचं व्होल्टेज खाली आणतं, एवढंच. डबा थंड राहतो आणि आवाज लवकर फाटतो.

मेव्हण्यांचं प्रकरण वेगळं आहे. मॅग्नेपॅनमध्ये फिल्मला वायर किंवा धातूची पातळ पट्टी चिकटवलेली असते आणि समोर चुंबकांच्या पट्ट्या. लांबलचक सरळ वायर, त्यामुळे इम्पीडन्स जवळजवळ सपाट, सुमारे ४ ओहम. अ‍ॅम्पच्या दृष्टीनं हा निव्वळ रेझिस्टर आहे, कुठलाही धड अ‍ॅम्प त्याच्यावर बेभान होत नाही. पण भूक मोठी. कंपनी ८६ डेसिबल लिहिते ते २.८३ व्होल्टला. ४ ओहमवर तेवढ्या व्होल्टला २ वॉट जातात, म्हणजे वॉटमागे खरे ८३ डेसिबलच. एक मीटरवर १०० डेसिबलला १४ व्होल्ट, म्हणजे ५० वॉट. बसायची जागा तीन मीटरवर असेल, तर उंच पॅनेलचा आवाज अंतरानं साध्या स्पीकरपेक्षा कमी पडतो आणि दोन स्पीकर मिळून थोडी भरपाईही होते. तरी तबल्याच्या थापेला मोकळीक हवी असेल तर ४ ओहमवर १०० वॉट किमान, २०० वॉट असतील तर निवांत. २०० वॉट म्हणजे २८ व्होल्ट आणि ७ अँपिअर, शिखराला १० अँपिअर.

म्हणजे तुमचा स्पीकर अ‍ॅम्पचा स्वभाव तपासतो आणि मेव्हण्यांचा त्याचं पोट. एका अ‍ॅम्पनं दोन्ही भागवायचं असेल तर मेव्हण्यांची सोय वॉटनं आणि तुमची सोय स्थिरतेनं बघावी लागेल. अशक्य नाही, पण समोरच्या तीन पर्यायांतले दोन लगेच गळतात.

२५ वॉटचा क्लास ए, म्हणजे ज्यातले ट्रान्झिस्टर सतत चालूच असतात तो, तुमच्या एकट्याच्या स्पीकरला आवाजाच्या दृष्टीनं छान. व्होल्ट १४, गरज ८, आणि अशा अ‍ॅम्पचं आउटपुट सहसा दणकट असतं. पण मॅग्नेपॅनवर ते १४ व्होल्ट काठोकाठच. शिवाय ८ ओहमवर २५ वॉट क्लास ए म्हणजे करंटचं शिखर अडीच अँपिअर. ४ ओहमवर तो १२ वॉटच्या पुढं क्लास एमध्ये राहतच नाही. आणि गाणं लागलेलं असो वा नसो, हा डबा सतत दीडशे-दोनशे वॉट उष्णता सोडत राहणार. सोलापुरात डिसेंबरात चालेल. मे महिन्यात बंद खोलीत असला अ‍ॅम्प लावायचा म्हणजे एसीचं बिलही अ‍ॅम्पच्या किमतीत धरा.

४० वॉटच्या व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांच्या अ‍ॅम्पचा) प्रश्न आउटपुट इम्पीडन्सचा, म्हणजे अ‍ॅम्पच्या स्वतःच्या आतल्या विरोधाचा आहे. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये तो एक-दीड ओहम असणं काही नवल नाही. समोर १.६ ओहमचा स्पीकर आला की २० किलोहर्ट्झला दीड ते सहा डेसिबल गायब. मग लोक म्हणतात, व्हॉल्व्हचा आवाज कसा मऊ! मऊ नाही, वरची पट्टी गळलेली असते. क्वाड कंपनीचे संस्थापक पीटर वॉकर यांच्या १९५७ च्या क्वाड ईएसएल या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरबरोबर त्यांचाच १५ वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प शोभला, कारण त्या स्पीकरचा इम्पीडन्स बराचसा भाग उंच आहे आणि दोन्ही एकमेकांसाठीच घडवलेले होते. ती जोडी पुढं करून कुणी तुम्हाला ४० वॉटचा अ‍ॅम्प विकत असेल तर ऐकून घ्या, घेऊ नका. घ्यायचाच झाला तर २ ओहमचा टॅप (स्पीकर जोडायचं वेगळं टोक) असलेला बघा आणि स्पीकर त्याच टॅपवर जोडा. मॅग्नेपॅनची भूक तरीही भागणार नाही.

आता क्लास डी. इथं जरा थांबून बघावं लागेल, कारण याच नावाखाली दोन अगदी वेगळ्या जातीचे अ‍ॅम्प विकले जातात. क्लास डीमध्ये ट्रान्झिस्टर झपाट्यानं चालू-बंद होतात, म्हणून आउटपुटला कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो. उदाहरणार्थ १० मायक्रोहेन्री आणि १ मायक्रोफॅरड, म्हणजे सुमारे ५० किलोहर्ट्झचा. फीडबॅक (चूक सुधारायला आउटपुटचा परत आणलेला नमुना) फिल्टरच्या आधीच घेतलेला असेल तर अ‍ॅम्पला फिल्टरच्या पलीकडं काय चाललंय ते दिसतच नाही. ८ ओहमवर ठीक. पण १.६ ओहम हे सगळं कपॅसिटरमुळे आहे असं धरलं तर तो २० किलोहर्ट्झला साधारण ५ मायक्रोफॅरड होतो. फिल्टरच्या १ मध्ये हे ५ मिळवले की अनुनाद ५० वरून थेट २० किलोहर्ट्झच्या आसपास येऊन बसतो. प्रत्यक्षात ट्रान्सफॉर्मरचा रेझिस्टन्स त्याला थोडा आवर घालतो, तरी टिपेचे स्वर काचेसारखे टोचायला लागतात, नाहीतर मॉड्यूल सरळ बंद पडतं. स्वस्तातल्या ३०० वॉटच्या चिप अ‍ॅम्पमध्ये बहुधा हीच रचना असते.

दुसरी जात फिल्टरच्या पुढून फीडबॅक घेते. हायपेक्सची एनकोअर मॉड्यूलं आणि प्युरिफायची आयगेनटॅक्ट ही त्यातली नावाजलेली. यांचा आउटपुट इम्पीडन्स वरच्या टोकापर्यंत नगण्य राहतो, त्यामुळे लोड कसाही असला तरी फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स हलत नाही. एनसी४०० मॉड्यूलचे आकडे बघा: ८ ओहमवर २०० वॉट, ४ वर ४००, २ वर ५८०. नॅड कंपनीच्या सी २९८ अ‍ॅम्पमध्ये आयगेनटॅक्ट आहे, तो ८ ओहमवर १८५ आणि ४ वर ३४० वॉट देतो. म्हणून समोरच्या ३०० वॉटच्या डब्याबद्दल दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: आत मॉड्यूल कुणाचं, आणि २ ओहमवर किती वॉट लिहिलेत? उत्तर 'सर, इम्पोर्टेड आहे' असं आलं तर निरोप घ्या.

आमचं मत विचाराल तर या बजेटमध्ये तुमच्यासाठी दोन रस्ते. एक, अशा दुसऱ्या जातीच्या मॉड्यूलवर बांधलेला क्लास डी. दोन, सेकंडहँड क्लास एबी (नेहमीच्या ट्रान्झिस्टर जातीचा) पॉवर अ‍ॅम्प, ८ ओहमवर १०० ते १२५ वॉटचा, चॅनेलमागे किमान तीन जोड्या ट्रान्झिस्टर असलेला. एबीमध्ये ८ आणि ४ ओहमचे आकडे शेजारी ठेवून वाचा. १०० चे १८० ते २०० होत असतील तर सप्लाय दमदार आहे. १०० चे १३० च होत असतील तर ट्रान्सफॉर्मर लहान आहे, मेव्हण्यांचे स्पीकर त्याची दमछाक करतील. आम्ही सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी क्लास डीकडं झुकू. पण एबी बिघडला तर इथला चांगला मेकॅनिक उघडून दुरुस्त करू शकतो. डीचं मॉड्यूल गेलं की नवं मॉड्यूलच मागवावं लागतं. तुम्हाला काय परवडतं ते तुम्ही ठरवा.

ब्रिज करून, म्हणजे दोन चॅनेल जोडून एकच स्पीकर चालवून, वॉट वाढवण्याचा मोह टाळा. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला स्पीकरचा इम्पीडन्स निम्माच दिसतो, तुमचे १.६ ओहम ०.८ होतात.

सेकंडहँड अ‍ॅम्प बघायला जाताना मल्टिमीटर, ४ ओहमचा ५० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर आणि मोबाईलवर टोन जनरेटर घेऊन जा. आधी अ‍ॅम्प अर्धा तास नुसता चालू ठेवा, काहीही न जोडता. त्या वेळात हीटसिंकला हात लावत राहा. काहीच वाजत नसताना एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली तर अ‍ॅम्पचा बायस (ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणारा ठरावीक करंट) बिघडलेला आहे किंवा अ‍ॅम्प कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होतोय. दोन्हींत व्यवहार थांबवा. मग मीटर डीसी मिलिव्होल्टवर लावून दोन्ही आउटपुट तपासा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. तुमच्या वूफर-अधिक-पॅनेल हायब्रिडमध्ये क्रॉसओव्हरचा (आवाज दोघांत वाटणाऱ्या सर्किटचा) कपॅसिटर हा डीसी पॅनेलच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचू देत नाही, पण उद्या फुल-रेंज इलेक्ट्रोस्टॅटिक घेतलात तर तिथं तो थेट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत जातो. प्रायमरी अर्ध्या ओहमची असेल तर ५० मिलिव्होल्टला १०० मिलिअँपिअर सतत वाहणार, कोअर एका बाजूला झुकणार आणि खर्जात फाटका आवाज येणार.

आता आउटपुट इम्पीडन्स. १०० हर्ट्झचा टोन देऊन आउटपुट मोकळं असताना २.०० व्होल्ट एसी लावा, मग ४ ओहमचा रेझिस्टर जोडा. १.९६ उरले तर आउटपुट इम्पीडन्स झाला ४ गुणिले (२.०० भागिले १.९६ वजा १), म्हणजे ०.०८ ओहम. उत्तम. १.७० वर आलं तर ०.७ ओहम, तुमच्या कामाचा नाही. ही चाचणी १० किलोहर्ट्झला साध्या मीटरवर करू नका. बहुतेक मीटर चारपाचशे हर्ट्झच्या पुढं काहीही दाखवतात आणि चांगला अ‍ॅम्प उगाच नापास होतो. कुणाकडे ऑसिलोस्कोप असेल तर सोन्याहून पिवळं: ८ ओहमच्या जोडीला पॅरललमध्ये २ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावा आणि १० किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह एक-दोन व्होल्टवर द्या. कडेला तीन-चार लाटा उठून विरल्या तर चालेल. लाटा विरतच नसतील तर तो अ‍ॅम्प तुमच्या पॅनेलवर कधी ना कधी जळणार. विरणाऱ्या आणि न विरणाऱ्या लाटांतला फरक बहुधा आउटपुटच्या एक-दोन मायक्रोहेन्रीच्या छोट्या कॉइलमुळे पडतो. ती फीडबॅकला स्पीकरच्या कपॅसिटन्सपासून अलग ठेवते. काही अ‍ॅम्पमध्ये ही कॉइल मुद्दाम गाळलेली असते आणि स्पीकर केबलचा इंडक्टन्स तिची जागा घेतो. असा अ‍ॅम्प इलेक्ट्रोस्टॅटिकला नको.

याच कारणानं वेणीसारख्या विणलेल्या महागड्या केबल घेऊ नका. त्यांचा कपॅसिटन्स जास्त असतो आणि अ‍ॅम्पच्या अडचणीत भरच पडते. घरगुती वायरिंगची ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या, तीन मीटरच्या आत, दोन्ही स्पीकरला सारख्या लांबीची. पुष्कळ झालं.

नवा अ‍ॅम्प येईपर्यंतचा जुगाड: १ ओहमचे १० वॉटचे दोन सिरॅमिक रेझिस्टर पॅरललमध्ये जोडा, झाला अर्धा ओहम २० वॉटचा. प्रत्येक स्पीकरच्या पॉझिटिव्ह वायरीत असा एक संच सिरीजमध्ये टाका. २० किलोहर्ट्झला अर्धा ते अडीच डेसिबल आवाज कमी होईल आणि वूफरवरची पकड थोडी सैल पडेल, पण रिसीव्हरला १.६ च्या जागी जास्त ओहम दिसतील. रेझिस्टर चांगलेच तापतात, गालिच्यावर किंवा पडद्याला टेकवून ठेवू नका. रिसीव्हरच्या वर एक फूट जागा मोकळी ठेवा आणि मागून टेबलफॅन लावा.

विजेचं म्हणाल तर आठवडाभर संध्याकाळी सात ते दहाच्या मध्ये सॉकेटचं व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. २१० ते २४५ मध्ये असेल तर स्टॅबिलायझरचे पैसे वाचले. १९० वर जात असेल तर साध्या सप्लायच्या एबी अ‍ॅम्पची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते: १९० भागिले २३० चा वर्ग म्हणजे ०.६८, १०० वॉटचे ६८. तिथं सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या, रिलेवाला नको. त्याच्या प्रत्येक उडीला व्होल्टेज टप्प्यानं हलतं. चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर पॉवर अ‍ॅम्प चालवू नका. साइन वेव्हच्या २३० व्होल्टला शिखर ३२५ असतं, चौकोनी वेव्हला जेमतेम २३०. सप्लायचे कपॅसिटर पुरते भरत नाहीत आणि ट्रान्सफॉर्मर घूं करत राहतो. मोठ्या टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प चालू करताना क्षणभर प्रचंड करंट ओढतो, म्हणून ६ अँपिअरचा एमसीबी पडतो आणि लोक अ‍ॅम्प खराब समजतात. वायरमनकडून २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन, १६ अँपिअरचं सॉकेट, सी कर्व्हचा एमसीबी आणि धड अर्थिंग एकदाच करून घ्या. अमेरिकेहून कुणी ११५ व्होल्टचा अ‍ॅम्प आणत असेल तर आधी विचारा, तो २३० वर बदलता येतो का. नसेल तर सोडून द्या.

खोलीबद्दल थोडंसं. दोन्ही स्पीकरची पॅनेलं पुढं आणि मागं सारखाच आवाज टाकतात, त्यामुळे मागची भिंत तीन फूट तरी लांब हवी. मागं सोलापुरी चादर टांगायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. पातळ चादर फक्त टिपेचे स्वर खाते आणि आवाज बोदा होतो. तिथं पुस्तकांचं कपाट जास्त कामाचं. चादर फरशीवर दुहेरी घडी करून, स्पीकर आणि तुमच्यामध्ये.

आणि धूळ. हजारो व्होल्टच्या बायसवरचं तुमचं पॅनेल हवेतली धूळ आणि तंतू ओढून घेतं. घराजवळ यंत्रमाग असतील तर कापसाचे तंतूही. पावसाळी ओलीत हीच घाण चरचरायला लागते आणि दोष अ‍ॅम्पवर जातो. स्पीकरचा मेन्सचा प्लग काढून रात्रभर तसंच ठेवा, सकाळी मऊ ब्रशचा व्हॅक्यूम क्लीनर जाळीवरून अलगद फिरवा. ओला फडका किंवा ब्लोअर नको. चरचर थांबली की मगच अ‍ॅम्प शोधायला निघा. मेव्हण्यांच्या स्पीकरला मागे फ्यूज असेल तर तो तेवढ्याच अँपिअरचा ठेवायला सांगा. गेलेल्या फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळला की पुढचा बळी वायरचा जातो.